फोटोखालची ओळ

गढा वस्तीतल्या आमच्या घरी त्या वर्षांत कणीक आत्या मळायची, आई नाही. दोन खोल्यांचं घर, कर्त्या बायका दोनच, आणि त्यातली धाकटी शेगडीपासून लांब भिंतीला टेकून बसलेली. शेजारपाजारच्या बायका हे बघून नाक मुरडायच्या. आईला त्याचं काही नव्हतं. तिच्या हाताचं सगळं कडू लागायचं, एवढंच खरं कारण होतं. कणकेला हात लावला तर पोळी कडू, भात वाढला तर कडेचा भात कडू. तिचे तळवे, नखं, कानामागची कातडी, सगळं पिवळं पडलं होतं. चिंच लावून, बेसन लावून, राखेनं घासून पाहिलं, पण तो पिवळा रंग जात नसे. आत्याला सांगितलेलं असं होतं की आई फॅक्टरीत पिशव्या शिवते आणि त्या कापडाचा रंग सुटतो. आत्याला ते पटलं होतं. म्हणायची, "सरकार कापड तरी धड घेऊन राहिलं असतं तर!" बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून हे ऐकायचे आणि तोंडाला रुमाल लावून खोकायचे. ते रेल्वेत कारकून होते, पण छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं घरीच होते, आणि आईच्या नोकरीच्या अर्जावर नवऱ्याची सही त्यांनीच केली होती. त्यामुळे पिशव्यांची गोष्ट निघाली की त्यांचा खोकला जरा जास्तच लांबायचा.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नागपूरकडे दिलेली, विशीच्या आतच नवरा गेला, आणि तेव्हापासून ती आमच्याकडेच. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी दूधवाला सायकलवरून उतरायचा. सगळ्या घराच्या शकुन-अपशकुनाचा ठेका तिनं घेतला होता. शनिवारी नखं कापायची नाहीत, केर तिन्हीसांजेला काढायचा नाही, आणि सवाष्णीचे हात क्षणभरसुद्धा मोकळे दिसायचे नाहीत. स्वतःच्या मोकळ्या हातांबद्दल ती कधी बोलली नाही, पण आईच्या बांगड्यांकडे तिचं लक्ष असायचं. "बांगड्या इतक्या ढिल्या काहून घालते गं सुमन? कासाराला माप येत नाही का?" असं ती दर महिन्याला विचारायची. आई म्हणायची, "हात सुजतात ताई, घट्ट रुततात." जोडवी तर तिनं केव्हाच पेटीत टाकली होती, बोटं सुजतात म्हणूनच. आत्या म्हणायची, सूज आहे का सोंग आहे, कळत नाही.

मला मात्र सगळं ठाऊक होतं. मी तेव्हा नववीत होते आणि पहाटे आईची वेणी घालायचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस मी आकडा लावायला गेले तर तिनं माझा हात धरला आणि जुन्या लुगड्याची चिंधी पुढे केली. का, म्हणून मी हटून बसले, तेव्हा तिनं हळूच सांगितलं. ती पिशव्या शिवत नव्हती. ती तोफगोळ्यांत दारू भरायच्या शेडमध्ये होती, आणि हातांचा पिवळा रंग त्या दारूचा होता. तिथं दारासमोर जमिनीवर एक लाल पट्टा ओढलेला असे आणि त्याच्या पलीकडे धातूचा कण न्यायची बंदी. ठिणगी पडायला आकडासुद्धा पुरतो, असं त्यांना शिकवलेलं. म्हणून बायकांनी पट्ट्याअलीकडे मंगळसूत्र काढायचं, कानातलं काढायचं, काच फुटू नये म्हणून बांगड्याही काढायच्या, सगळं रुमालात बांधून खिडकीतल्या माणसाकडे द्यायचं, फॅक्टरीचे खिळे नसलेले कापडी बूट घालायचे, कपाळावरून टोपी ओढायची आणि आत जायचं. संध्याकाळी उलट. ढिल्या बांगड्यांचं कारण हे होतं. रोज दोनदा हातावरून ओढायच्या म्हणजे ढिल्याच हव्यात. "आत्याला सांगशील तर तुझी-माझी खैर नाही," ती म्हणाली. मी नाही सांगितलं. इतक्या लहानपणी एवढं मोठं काही पोटात ठेवायचं म्हणजे काय, हे आता माझ्या नातीला सांगते, तर ती हिंदीत विचारते की मग फोन का नाही केला नानी, कुणाला तरी. आता काय सांगायचं तिला!

आईच्या बाकावर चौघी असायच्या. आई, गेंदाबाई, सुखवती आणि कमलमावशी. कमलमावशी आपल्यातलीच, रांझीला राहायची, तिचा नवरा पोस्टात होता. गेंदाबाई पाच मुलांची आई, आणि इतकी विनोदी की फोरमनला हसू दाबायला पाठ फिरवावी लागे. सुखवती सगळ्यांत लहान, मंडल्याकडची, फारसं बोलायची नाही पण गुळाचा आपला खडा अर्धा मोडून आईला द्यायची. शेडमधल्या लोकांना घसा धुवायला म्हणून गूळ मिळायचा. मी या तिघींना रविवारी पाहिलेलं, कमलमावशी पाटवडी घेऊन आली की तिच्यासोबत कधी त्या दोघीही यायच्या. चौघींचे हात पिवळे. आत्या त्यांना चहा द्यायची आणि फॅक्टरीच्या कापडाला शिव्या घालायची, आणि चौघी एकमेकींकडे न बघता माना डोलवायच्या. गेंदाबाई एकदा म्हणाली, "हां अम्मा, बहुत खराब कपड़ा है," आणि मग तिला असा ठसका लागला की कमलमावशीला तिची पाठ थोपटावी लागली.

लढाई सुरू झाली आणि सगळ्यांची झोप गेली. काचांना काळे कागद लागले, दिव्याला पुठ्ठ्याची टोपी आली, भोंगे वेळी-अवेळी वाजू लागले. फॅक्टरीत आठाचे बारा तास झाले. आई घरी यायची ती उंबऱ्यातच बसायची. चपला काढायलाही तिला वेळ लागायचा. ताट समोर येईपर्यंत तिची मान पडलेली असायची, आणि आत्या मला खुणेनं सांगायची की घास भरव. शिवणाऱ्या बाईला इतका थकवा कशानं येतो, हे आत्यानं विचारलं नाही, पण त्या दिवसांत तिनं तिच्या वाटचं दूध आईला द्यायला सुरुवात केली. देताना नेहमीसारखी कुरकुर करायची. म्हणायची, नासेल नाहीतर.

त्याच दिवसांत एकदा फॅक्टरीत फोटोवाला आला. लढाईत बायकासुद्धा कशा राबतात ते दाखवायचं म्हणून त्यानं चौघींना लाल पट्ट्याच्या आत, शेडच्या दारासमोर ओळीनं उभं केलं. हसू नका म्हणाला. "आम्ही कुठं हसून राहिलो होतो?" असं आई नंतर म्हणाली. फोटो कुठं छापून येणार म्हणून तिला धास्तीच होती. तो कुठं आला नाही आणि ती विसरून गेली.

स्फोट झाला तेव्हा दुपार होती. फळीवरचे डबे हलले आणि परातीतला एक पेला घरंगळत दारापर्यंत गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला होती फॅक्टरी, तरी हलले. बाबा खुर्चीतून उठले आणि तसेच उभे राहिले. आत्या म्हणाली, "बॉम्ब टाकला का जी त्यांनी?" बाबा आणि मी एकमेकांकडे पाहत होतो, आणि आत्या आमच्या दोघांकडे. आई दिवे लागायच्या वेळी आली, चालत. हातात बांगड्या नव्हत्या, गळ्यात काही नव्हतं. आठवड्यापूर्वी हाताला फोड आले म्हणून तिला खोकी बांधायच्या शेडमध्ये पाठवलं होतं, म्हणून ती वाचली; रुमाल मात्र खिडकीतच राहिला होता. ती काही बोलायच्या आत आत्यानं तिला आत ओढलं, दार लावलं, आणि शेजारणीकडून चार बांगड्या आणून तिच्या हातात घातल्या. गर्दीत फुटल्या, मंगळसूत्र तुटलं, असं आईनं सांगितलं, आणि आत्यानं ते खरं मानलं. मग आई न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

गेंदाबाई, सुखवती, कमलमावशी, तिघीही गेल्या. फाटकावर मेलेल्यांच्या नावांची यादी लागली, तिच्यात त्या नव्हत्या. त्या रोजंदारीवर होत्या, त्यांची हजेरीची वही त्याच शेडमध्ये होती, आणि शेड उरलं नव्हतं. विचारायला गेलं की चौकशी चालू आहे असं सांगायचे. कमलमावशीचा नवरा चार-सहा वेळा जाऊन आला, मग जायचा बंद झाला. आई चौथ्या दिवसापासून पुन्हा कामावर, दुसऱ्या शेडमध्ये दारू भरायला, जाऊ लागली. खिडकीतल्या माणसानं तिचा रुमाल जपून ठेवला होता. मला आजही राग येतो तो यादीचा. जळलं ते जळलं, ती लढाई होती. पण यादी कुणीतरी टेबलाशी बसून, पंख्याखाली, शाईनं लिहिली होती.

लढाई संपली. काही महिन्यांनी शहरातल्या सदर भागात एका जुन्या बंगल्यातल्या छोट्या संग्रहालयात प्रदर्शन लागलं. लढाईचे फोटो, फॅक्टरीतल्या दुर्घटनेचे फोटो, वर फिल्म. बाहेर शत्रूचा पकडलेला रणगाडा. आईनं वर्तमानपत्रात वाचलं आणि रविवारी जायचं ठरवलं. मला माहीत होतं ती कशाला चालली आहे. आपल्या तिघी कुठं दिसतात का, ते बघायला. आत्या रणगाडा बघायला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती पांढरं लुगडं नेसून, पिशवीत पाण्याचा गडू घेऊन आधीच रिक्षात बसली होती. रणगाड्याभोवती तिनं दोन फेऱ्या मारल्या, सोंडेत डोकावली, आणि म्हणाली, "एवढ्यासाठी इतकं?"

आत फिल्मची खोली होती, काळ्या पडद्याआड. बाकांवर बसलो. मशीनचा खडखडाट आणि वरून हिंदीत भारदस्त आवाज. धूर दिसला, बंब दिसले, स्ट्रेचर घेऊन धावणारी माणसं दिसली, कुणी मोठे पाहुणे हार घातलेल्या फोटोंसमोर हात जोडून उभे दिसले. मग आवाजानं नावं वाचली. आई पुढे वाकून ऐकत होती. नावं संपली, दिवा लागला, लोक उठले. आई उठली नाही. तिनं विचारलं की फिल्म परत लागणार का, आणि आम्ही ती दुसऱ्यांदा पाहिली. दुसऱ्यांदाही तीच नावं होती. आत्याला कंटाळा आला, ती पुढच्या खोलीत गेली, आणि तिथून तिची हाक आली. नेहमीची हाक नव्हती ती. आवाज खाली होता, म्हणून आम्ही घाईनं गेलो.

फोटो भिंतीवर मधोमध होता, भला मोठा. शेडच्या दारासमोर चौघी. टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, गळे मोकळे, मनगटं मोकळी, तोंडं थकलेली. डावीकडून दुसरी आई. आणि खाली, सुबक अक्षरांत: "विस्फोट में शहीद हुए कर्मचारियों की विधवाएँ। धीरज की मूर्तियाँ।"

मी ती ओळ दोनदा वाचली. कुणी तरी ऑफिसात बसून मोकळे गळे पाहिले, मोकळे हात पाहिले, आणि ठरवून टाकलं. त्याचा तरी काय दोष म्हणावा? आपल्याकडे बाईचा गळा मोकळा दिसला तर दुसरं काही मनात येत नाही.

"ही तू आहेस," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सुमन, ही तू. आणि हे का लिहिलं त्यांनी? माधव जिवंत बसलाय घरी! चल. आत्ताच्या आत्ता चल. घरी जाऊन दृष्ट काढते." तिनं आईचा दंड धरला. आई हलली नाही. ती फोटोकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं ती रडेल. मला तर वाटत होतं की आपण पळून जावं. आत्याला आता सगळं कळणार, घरात आग लागणार, आईची नोकरी सुटणार, बाबांचं औषध थांबणार; मी एवढाच विचार करत होते. लाज वाटते सांगायला, पण त्या तिघींचा विचार माझ्या मनात नव्हता.

आई टेबलाशी गेली. तिथं प्रदर्शनाचा प्रमुख बसला होता, तरुण, कोट घातलेला, स्वभावानं बरा. "भैया," ती म्हणाली, "उस फोटो के नीचे गलत लिखा है. वो विधवा नहीं हैं. काम करने वाली हैं. तीन उसी धमाके में मरीं. चौथी मैं हूँ."

तो उठून फोटोपाशी आला. फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या. नम्रपणे म्हणाला, "माताजी, आप तो सुहागन हैं. आपको भ्रम हुआ है. दुख में चेहरे सब एक-से लगते हैं."

आईनं वाद घातला नाही. तिला वाद घालायचं बळ नव्हतं, मला वाटतं. तिनं डाव्या हातानं उजव्या हातातल्या बांगड्या ओढल्या. ढिल्याच होत्या, एकदम निघाल्या. मग दुसऱ्या हातातल्या. मग मान वाकवून मंगळसूत्र काढलं. लोक थांबले. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. आत्या किंचाळली, "चार लोकांत! सुमन, वेडी झालीस का? नवरा आहे तुला!"

"ताई, मी रोज काढते," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "दीड वर्ष झालं, रोज सकाळी काढून राहिली मी. दारू भरते तिथं. पिशव्या नाही शिवत. ह्यांना काही झालं का? झालं ते त्यांना झालं. त्या तिघींना."

आत्या तोंड उघडं टाकून उभी राहिली. मला वाटलं आता ती आईच्या थोबाडीत मारते. मारायला उगारलेला तिचा हात मी पाहिलेला आहे. आई बांगड्या आणि मंगळसूत्र टेबलावर ठेवायला वाकली, आणि आत्या पुढं झाली. तिनं पदर दोन्ही हातांनी पसरला. "टेबलावर नको ठेवू," ती म्हणाली. "इकडे दे." आणि त्या पांढऱ्या पदरात ते सगळं घेऊन, दोन्ही मुठी छातीशी धरून, ती आईच्या बाजूला उभी राहिली आणि त्या तरुणाला म्हणाली, "अब देखो. ठीक से देखो. हमारी भावज है."

आईनं डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढला आणि ती फोटोखाली उभी राहिली, हात खाली सोडून. तो बिचारा एकदा वर पाही, एकदा खाली. मग त्यानं खिशातून वही काढली. "नाम बताइए," म्हणाला. आईनं सांगितलं: गेंदाबाई, कमल, सुखवती. त्यानं विचारलं, "पति का नाम?"

"पति ज़िंदा हैं तीनों के," आई म्हणाली. "मरी ये हैं. इनका नाम लिखिए."

त्यानं लिहिलं. सुखवतीचं पुढे काय, असं विचारलं, तेव्हा आई अडखळली. इतके दिवस शेजारी बसून, तिचा गूळ खाऊन, तिनं सुखवतीचं आडनाव कधी विचारलं नव्हतं. "सुखवती," एवढंच ती म्हणाली. मला आठवतं, सगळ्या प्रसंगात ती खाली बघून बोलली असेल तर तेवढंच वाक्य. त्यानं वचन दिलं की वर कळवतो, ओळ बदलून घेतो. आत्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं आईच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं. सवाष्णीचं असं काही आत्याच्या हातून व्हायला नको, असा तिचाच नियम होता. त्या दिवशी तो तिला आठवला नाही, किंवा आठवला असेल. घरी बाबांना आत्यानं एवढंच सांगितलं की रणगाडा काही खास नव्हता. दुसऱ्या दिवशी आई कामावर निघाली तेव्हा आत्यानं तिला दारापर्यंत पोचवलं, आणि पिशव्यांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पंधरा दिवसांनी शाळेनं आम्हाला त्याच प्रदर्शनाला नेलं. मी ओळ मोडून सरळ त्या खोलीत गेले. मधोमध सैनिकांचा फोटो होता, ट्रकवर बसून संत्री खाणारे. मी सगळ्या भिंती पाहिल्या, पडद्यामागे पाहिलं, जिन्याखाली रचलेल्या चौकटी पाहिल्या. चौघी कुठंच नव्हत्या. टेबलाशी दुसराच माणूस होता. तो म्हणाला, कोई औरतों का फोटो यहाँ नहीं था, बेटी. मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. माझ्यात ते नव्हतं. बाईंनी हाक मारली आणि मी ओळीत जाऊन उभी राहिले.

घरी आले तेव्हा आईला सुट्टी होती. भिंतीला टेकून ती शेंगा सोलत होती, आत्या समोर तांदूळ पाखडत होती. "गेली होतीस ना?" आईनं विचारलं. "बदलली का ओळ?"

"बदलली," मी म्हणाले.

"नावं लिहिली? तिघींची?"

"तिघींची."

"सुखवतीचं कसं लिहिलंय?"

"नुसतं सुखवती."

तिनं मान हलवली. आत्यानं सूप हलवायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. आई परत कधी सदरला गेली नाही. जायची गरज उरली नव्हती. पुढं वीस वर्षांनी ती गेली, ती हेच खरं समजून गेली. आत्यानंही मला कधी काही विचारलं नाही. त्या खोट्याची मला लाज वाटत नाही. त्या टेबलाशी मी गप्प बसले त्याची वाटते.

शेंगांची परात आईनं बाजूला सारली. "पडते जरा," म्हणाली आणि तिथंच, जमिनीवर, हाताची उशी करून भिंतीकडे वळली. दिवसा आडवी झालेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. आत्या उठली, दार लोटलं, आणि बाहेर खोकणाऱ्या बाबांना हळू आवाजात म्हणाली, "माधव, जरा तिकडे जाऊन खोक. झोपली आहे ती."